अब्दुल करीम पारेख

मौलाना अब्दुल करीम पारेख (जन्म : १५ एप्रिल १९२८, कानशिवणी, जिल्हा अकोला, मृत्यू : ११ सप्टेंबर २००७, नागपूर) हे अरबी व उर्दू भाषांचे अभ्यासक, कोशकार, कुराणाचे उर्दू अनुवादक व भाष्यकार आणि सामाजिक कार्यकर्ते होते. कुराणातील अरबी शब्दांचे अर्थ सोप्या उर्दूत देणारा ‘आसान लुगातुल कुरआन’ हा कोश आणि ‘तश्रीहुल कुरआन’ हा सटीप अनुवाद ही त्यांची प्रमुख ग्रंथरचना होय. अखिल भारतीय मुस्लिम व्यक्तिगत कायदा मंडळाचे ते दीर्घकाळ खजिनदार होते. भारत सरकारने २००१ साली त्यांना पद्मभूषण हा किताब दिला.

पारेख यांचा पेशा अध्यापनाचा नव्हता. ते नागपुरात लाकडाचा व्यापार करीत. अरबी भाषेची विद्या मदरशांत आणि विद्यापीठांच्या विभागांत सांभाळली जात असताना एका व्यापाऱ्याने रचलेला कोश घरोघरी वापरात यावा, ही त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत लक्षणीय बाब आहे. प्रस्तुत लेखातही त्या कोशाचा विचार अधिक विस्ताराने केला आहे.

जन्मभूमी आणि पार्श्वभूमी

कानशिवणी हे अकोला जिल्ह्यातील एक खेडे. पारेख यांचा जन्म झाला तेव्हा अकोला जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाड या इंग्रजी अमलाखालील प्रांतात मोडत असे. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला होता. कागदोपत्री मात्र या मुलखावरील निजामाचे स्वामित्व स्वातंत्र्य मिळेपर्यंत टिकून होते.

या प्रदेशाचा अरबी-फारसी विद्येशी आलेला संबंध त्याहून बराच जुना आहे. बहमनी राज्याचे तुकडे होत असताना १४९० साली फतहुल्ला इमादुल्मुल्क याने वऱ्हाडात इमादशाही स्थापन केली. एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, हे तिचे मुख्य ठाणे होते. १५७४ साली हे राज्य अहमदनगरच्या निजामशाहीने जिंकले. पुढे मोगल आणि त्यांच्यानंतर हैदराबादचे निजाम असे राज्यकर्ते बदलत गेले, तरी दरबारी व्यवहाराची भाषा फारसीच राहिली. गाविलगड व नरनाळा या किल्ल्यांवरील शिलालेख या काळाची साक्ष देतात. अकोला जिल्ह्यातील बाळापूर येथे नक्शबंदी परंपरेच्या सूफींची खानका होती आणि तेथे धर्मविद्येचे अध्ययन चाले. वऱ्हाडातील मुस्लिम वस्ती अशा मोठ्या ठाण्यांपुरती मर्यादित राहिली नाही. अमरावतीहून नागपूरकडे जाताना लागणाऱ्या नांदगाव पेठेसारख्या बाजाराच्या गावांतून, तसेच लहान खेड्यांतूनही ती पसरलेली होती. या समाजाच्या घरात उर्दू आणि बाजारात वऱ्हाडी मराठी चाले, आणि अरबी ही मशिदीची व पठणाची भाषा होती.

पारेख हे मेमन समाजातील होते. सिंध, कच्छ आणि काठेवाड या भागांतून व्यापारासाठी बाहेर पडलेला हा समाज विदर्भाच्या बाजारपेठांत स्थिरावला. ‘पारेख’ हे आडनावही व्यापारातूनच आले आहे. नाणी आणि मोलाच्या वस्तू पारखून घेणारा तो पारेख. गुजरात व मुंबईकडे हे आडनाव हिंदू, जैन, पारशी आणि मुसलमान अशा सर्वांत आढळते.

त्यांचे पहिले नाव मात्र शुद्ध अरबी. ‘अब्द’ म्हणजे सेवक आणि ‘अल-करीम’ म्हणजे उदार, हे ईश्वराचे एक विशेषण. ‘मौलाना’ या उपाधीची फोड ‘मौला’ (स्वामी) आणि ‘ना’ (आमचे) अशी होते. ही उपाधी विद्वानास आदराने लावली जाते.

व्यापार आणि अध्ययन

पारेख यांचे कार्यक्षेत्र नागपूर होते. मध्य भारतातील सागवानाच्या जंगलांमुळे नागपूर ही इमारती लाकडाची मोठी बाजारपेठ बनली. शहरातील लकडगंज या भागाचे नावही तेच सांगते. पारेख यांचा व्यवसाय याच क्षेत्रातला होता. व्यापार सांभाळून त्यांनी अरबीचा अभ्यास केला आणि नागपुरात कुराणाचे ‘दर्स’ म्हणजे पाठ चालवले. दर्स ही मुस्लिम समाजातील जुनी प्रथा आहे. मूळ अरबी आयत वाचावी, तिचा शब्दशः अर्थ सांगावा आणि मग श्रोत्यांच्या जगण्याशी तिची सांगड घालावी, असा तिचा सर्वसाधारण क्रम असतो. पारेख यांच्या कोशाची घडण या पाठांच्या पद्धतीशी जुळणारी आहे.

वाचता येणे आणि समजणे

पारेख यांच्या कोशाचे महत्त्व कळण्यासाठी भारतीय मुस्लिम घरांतील पठणाची रीत लक्षात घ्यावी लागते. मुलामुलींना लहानपणी ‘नाजरा’ शिकवला जातो. नाजरा म्हणजे कुराण पाहून शुद्ध उच्चारांत वाचणे. उर्दूची लिपी अरबी लिपीतूनच आलेली असल्यामुळे अक्षरओळख कठीण जात नाही. आठ-दहा वर्षांचे मूल तीसही पारे, म्हणजे भाग, वाचून संपवते. तथापि या शिक्षणात अर्थाचा समावेश बहुधा नसतो. असे मूल मोठे होऊन आयुष्यभर रोज पठण करते आणि आपण उच्चारलेल्या वाक्याचा अर्थ त्याला सांगता येत नाही. वेदपाठ म्हणणाऱ्या पण संस्कृत न शिकलेल्या विद्यार्थ्याची स्थिती महाराष्ट्रातील वाचकांना परिचित आहे; हीही साधारण तशीच.

यावर पहिला उपाय अनुवादाचा. दिल्लीच्या शाह वलीउल्लाह यांनी अठराव्या शतकात कुराणाचा फारसी अनुवाद केला. त्या शतकाच्या अखेरीस त्यांचे पुत्र शाह अब्दुल कादिर व शाह रफीउद्दीन यांनी उर्दू अनुवाद केले. त्यांपैकी शाह रफीउद्दीन यांचा अनुवाद शब्दाखाली शब्द ठेवणारा, तर शाह अब्दुल कादिर यांचा उर्दूच्या बोलीला धरून आहे. पुढे असे अनेक अनुवाद झाले. अनुवादामुळे वाक्याचा आशय कळतो, परंतु कोणत्या अरबी शब्दाने कोणता अर्थ दिला हे वाचकाला उमगत नाही. अनुवाद बाजूला ठेवला की मूळ ग्रंथ पुन्हा परका होतो.

दुसरा उपाय कोशाचा. राघिब इस्फहानी यांचा ‘मुफ्रदात’ हा कुराणाच्या शब्दांवरील अभिजात कोश अरबीत आहे आणि त्याची मांडणी धातूंनुसार आहे. उर्दूत अब्दुल रशीद नोमानी यांचा बहुखंडी ‘लुगातुल कुरआन’ विद्वानांत मान्यता पावलेला आहे. परंतु असे ग्रंथ वापरण्यासाठी वाचकाला आधीच बरेच अरबी यावे लागते, आणि ज्याला अरबी येत नाही त्याचीच गरज सर्वांत मोठी असते.

अरबी शब्दाची घडण

बहुतेक अरबी शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून होतात. धातू तोच राहतो आणि स्वर, उपसर्ग व प्रत्यय बदलून नवे शब्द तयार होतात. मराठीत फारसीमार्गे आलेले कितीतरी शब्द या रीतीने एकमेकांचे भाऊबंद ठरतात. ‘ह-स-ल’ या धातूपासून हाशील, महसूल आणि तहसील, ‘ज-म-अ’पासून जमा, जमात, जुम्मा आणि मुजुमदार या हुद्द्यातील ‘मजमू’, ‘ह-क-म’पासून हुकूम आणि हकीम, ‘क-ब-ल’पासून कबूल आणि मुकाबला. मराठीतील ‘अहवाल’ हा मुळात ‘हाल’ या शब्दाचा बहुवचनी आकार आहे, हे सरकारी कचेरीत रोज अहवाल लिहिणाऱ्यासही सहसा ठाऊक नसते.

धातूंच्या क्रमाने रचलेल्या कोशात ‘तहसील’ हा शब्द ‘त’मध्ये मिळत नाही, त्यासाठी ‘ह’ उघडावा लागतो. ‘मालूम’ हा ‘म’मध्ये नसून ‘ऐन’ या अक्षराखाली असतो, कारण त्याचा धातू ‘अ-ल-म’ आहे. इल्म, आलिम व तालीम हे शब्दही त्याच धातूचे. क्रियापदांत अडचण आणखी वाढते. ‘काल’ (तो म्हणाला), ‘यकूलु’ (तो म्हणतो) आणि ‘कुल’ (म्हण) ही तिन्ही रूपे ‘क-व-ल’ या एका धातूची आहेत. मात्र पहिल्यात आणि तिसऱ्यात मधला ‘व’ दिसतच नाही. या धातूची रूपे कुराणात सतराशेहून अधिक वेळा आली आहेत. म्हणजे नवशिक्याला जो शब्द पानोपानी भेटतो, तोच त्याला धातुकोशात शोधून सापडत नाही.

त्यातच अरबीत अव्यये आणि सर्वनामे शब्दाला चिकटतात. ‘वबिकिताबिना’ हा लिहिताना एकच शब्द दिसतो, पण त्यात ‘व’ (आणि), ‘बि’ (सह), ‘किताब’ आणि ‘ना’ (आमचे) असे चार घटक आहेत. त्यांची फोड करता आल्याखेरीज कोशाचे पान उघडण्याचाही उपयोग नाही.

आसान लुगातुल कुरआन

पारेख यांचा कोश १९५०च्या दशकात उर्दूत प्रसिद्ध झाला. त्याच्या नावातील ‘आसान’ म्हणजे सोपा हे विशेषण त्याच्या रचनेचे अचूक वर्णन करते. त्यांनी धातूंचा क्रम घेतला नाही आणि वर्णक्रमही घेतला नाही. शब्द ज्या क्रमाने पठणात येतात त्याच क्रमाने कोशात मांडले. पहिल्या सूरेपासून वाचत जावे, नवा शब्द आला की कोशात तो पुढच्या ओळीवर असतो. शब्द ज्या रूपात ग्रंथात आहे त्याच रूपात दिलेला असल्यामुळे धातू ओळखण्याची पूर्वअट उरत नाही. नाजरा शिकलेली, उर्दू वाचणारी कोणतीही व्यक्ती शिक्षकाविना हा कोश वापरू शकते.

या क्रमाच्या निवडीमागे एक साधे गणित आहे. कुराणात ११४ सूरा आणि प्रचलित मोजणीनुसार ६,२३६ आयती आहेत. एकूण शब्दसंख्या सुमारे ७७ हजार भरते. परंतु त्यातील बहुसंख्य शब्द पुन्हा पुन्हा आलेले आहेत आणि सर्व शब्दांच्या मुळाशी सतराशेच्या आसपासच धातू आहेत. त्यामुळे पठणक्रमाने रचलेल्या कोशात आरंभीच्या पाऱ्यांसाठी शब्दांची गर्दी असते आणि पुढे पुढे ती ओसरत जाते. वाचकाने पहिले काही पारे चिकाटीने केले, तर पुढच्या प्रत्येक पाऱ्यात त्याला अनोळखी शब्द कमी भेटतात. शब्दसंग्रह कसा वाढवावा याची ही एक अभ्यासयोजनाच आहे.

उर्दू वाचकाचे काम आणखी एका कारणाने हलके होते. उर्दूच्या शब्दसंपत्तीत अरबी शब्दांचा भरणा मोठा आहे. किताब, इल्म, हिसाब, रहमत, दुनिया हे शब्द त्याला आधीच माहीत असतात. परंतु हा परिचय काही ठिकाणी फसवा ठरतो, कारण शब्द तोच राहून अर्थ सरकलेला असतो. अरबीत ‘शराब’ म्हणजे कोणतेही पेय. कुराणात मधासाठीही तो शब्द आला आहे. उर्दू आणि मराठीत मात्र त्याचा अर्थ मद्य एवढाच उरला. ‘रकीब’ म्हणजे अरबीत लक्ष ठेवणारा, आणि कुराणात ते ईश्वराचे विशेषण आहे; उर्दू गझलेत तोच रकीब प्रेमातील प्रतिस्पर्धी झाला. ‘मक्र’ हा शब्द अरबीत योजना व डावपेच अशा व्यापक अर्थाने चालतो, तर उर्दूत तो निव्वळ कपटाचा वाचक आहे. मराठीतील ‘तक्रार’ याच जातीचा. अरबीत त्याचा अर्थ पुनरावृत्ती असा आहे. तेच तेच पुन्हा बोलण्यावरून वादाचा आणि गाऱ्हाण्याचा अर्थ आला. उर्दू जाणणाऱ्या वाचकाला ‘हा शब्द मला येतो’ असे वाटते तेथेच चूक होण्याचा संभव असतो. म्हणून त्याच्यासाठी लिहिलेल्या कोशात ओळखीच्या शब्दांनाही जागा द्यावी लागते. धर्मग्रंथाच्या बाबतीत अशी चूक भाषेपुरती राहत नाही. तिच्यावर समजुती आणि वाद उभे राहतात.

या मांडणीला मर्यादाही आहेत. अन्यत्र वाचलेला एखादा अरबी शब्द या कोशात शोधायचा झाल्यास तो कुराणात प्रथम कोठे आला हे माहीत असावे लागते. शब्दार्थ समजले तरी वाक्यरचना समजतेच असे नाही; विभक्तींचे आणि क्रियापदांचे व्याकरण वेगळे शिकावे लागते. एका शब्दासमोर एक अर्थ ठेवला की भाष्यकारांनी शतकानुशतके नोंदवलेल्या अर्थच्छटा मागे पडतात. गुरूवाचून केवळ शब्दार्थांच्या आधारे सामान्य माणसाने धर्मग्रंथ समजून घ्यावा का, हा प्रश्न मुस्लिम विद्वानांत जुना आहे. पारेख यांच्या कोशाचे उत्तर कृतीतून दिलेले आहे. निदान शब्द तरी प्रत्येकाला कळले पाहिजेत, हे त्यात गृहीत धरले आहे.

कोशाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि त्याचे अन्य भाषांत अनुवाद झाले. इंग्रजी अनुवादाच्या शीर्षकातच ‘पठणाच्या क्रमाने’ असा उल्लेख आहे. उर्दू लिपी न येणारी परदेशस्थ भारतीय कुटुंबांतील पिढी या अनुवादाद्वारे कोशापर्यंत पोहोचली.

इतर लेखन

‘तश्रीहुल कुरआन’ हा पारेख यांचा दुसरा मोठा ग्रंथ. ‘तश्रीह’ म्हणजे उलगडून सांगणे. शरीर उघडून पाहण्याच्या वैद्यकीय विद्येलाही अरबीत व उर्दूत हाच शब्द आहे. यात मूळ ग्रंथाचा उर्दू अनुवाद आणि त्यावरील स्पष्टीकरणे आहेत. कोशात ज्या अर्थच्छटांना जागा मिळू शकत नव्हती, त्यांचा विचार करण्यास येथे वाव मिळाला. अनुवादाची उर्दू बोलण्याच्या उर्दूजवळची असून दरबारी फारसीचा बोजा तिच्यावर नाही.

‘कौमे यहूद और हम : कुरआन की रोशनी में’ या पुस्तकात कुराणात आलेल्या यहुदी लोकांच्या कथनाच्या आधारे त्यांनी समकालीन मुस्लिम समाजाकडे पाहिले आहे. शीर्षकातील ‘और हम’ हे दोन शब्द त्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. सर्वसामान्य वाचकांसाठी त्यांनी छोटी मार्गदर्शनपर पुस्तकेही लिहिली.

सार्वजनिक कार्य

मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात बदल करण्याच्या चर्चेच्या पार्श्वभूमीवर डिसेंबर १९७२ मध्ये मुंबईत निरनिराळ्या पंथांच्या मुस्लिम नेत्यांचे अधिवेशन भरले आणि १९७३ साली हैदराबाद येथे अखिल भारतीय मुस्लिम व्यक्तिगत कायदा मंडळ स्थापन झाले. पारेख यांनी या मंडळाचे खजिनदारपद दीर्घकाळ सांभाळले. हिशेबाची सवय असलेल्या व्यापाऱ्याकडे हे पद जावे हे स्वाभाविक होते. मंडळाच्या इतिहासातील सर्वांत वादळी प्रसंग १९८५च्या शाहबानो निकालाने उद्‌भवला. त्यानंतर १९८६ साली संसदेने घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांच्या हक्कांविषयीचा कायदा केला. मंडळाच्या त्या काळातील भूमिकेचे समर्थक व टीकाकार मुस्लिम समाजातही होते. महाराष्ट्रात हमीद दलवाई यांनी स्थापन केलेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाची भूमिका तिच्या विरोधी होती.

१९८३ ते १९९९ या काळात मंडळाचे अध्यक्ष असलेले लखनौचे अरबी पंडित मौलाना अबुल हसन अली नदवी, ऊर्फ अली मियाँ, यांच्याशी पारेख यांचा निकटचा संबंध होता. अली मियाँ यांनी चालवलेल्या ‘पयामे इन्सानियत’, म्हणजे मानवतेचा संदेश, या चळवळीचा भर हिंदू-मुस्लिम सभांमधून परस्परसंवाद वाढवण्यावर होता आणि पारेख यांनी तिच्यात भाग घेतला. विविध धर्मांच्या लोकांशी बोलणी ठेवण्याचा त्यांचा आग्रह नागपुरातील त्यांच्या कार्यातही दिसतो.

सन्मान आणि मृत्यू

सामाजिक कार्यासाठी २००१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ११ सप्टेंबर २००७ रोजी नागपूर येथे त्यांचे निधन झाले. ‘आसान लुगातुल कुरआन’ त्यांच्या मृत्यूनंतरही पुनर्मुद्रित होत असून त्याच्या इंग्रजी आवृत्तीचा उपयोग कुराणाची अरबी शिकवणाऱ्या अभ्यासवर्गांत केला जातो.